ॲथेनियन लीग (१९१२–१९८४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉल म्हटलं की आपल्याकडची चर्चा प्रीमियर लीगपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. त्या डोलाऱ्याच्या खाली एकेकाळी बिनपैशाच्या फुटबॉलचं वेगळंच जग होतं. त्यातल्या एका बंद पडलेल्या लीगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही लीग नेमकी कोणती?

लंडन आणि लंडनला खेटून असलेल्या मिडलसेक्स, सरे, एसेक्स, केंट, हर्टफर्डशर या परगण्यांतल्या हौशी क्लबांची साखळी स्पर्धा. १९१२ साली सुरू झाली, १९८४ मध्ये संपली. दोन्ही महायुद्धांच्या काळात खंड पडला, तो सोडला तर चालू राहिली. बार्नेट, वील्डस्टोन, हेंडन, एनफील्ड, सटन युनायटेड, ब्रॉम्ली, वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू, स्लाऊ टाऊन ही त्यातली ठळक नावं. यातली काही नावं आजही निकालांच्या यादीत दिसतात. का, ते पुढे येईलच.

हौशी म्हणजे कच्चं फुटबॉल का?

मुळीच नाही. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेतली हौशी मंडळी कधी कधी व्यावसायिक रंगभूमीला घाम फोडतात, तसाच मामला. हौशी याचा अर्थ एवढाच, की खेळाडूने खेळण्याचा मोबदला घ्यायचा नाही. आठवडाभर शाळा, बँक, कारखाना, आणि शनिवारी दुपारी मैदान.

दर्जा जोखायचा असेल तर एफए (म्हणजे फुटबॉल असोसिएशन, इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था) अमॅच्युअर कप बघा. हौशी क्लबांचा हा देशव्यापी चषक १८९३-९४ पासून खेळला जायचा. १९४९ मध्ये त्याची अंतिम लढत पहिल्यांदा वेम्बलीवर झाली. समोरासमोर होते ब्रॉम्ली आणि रॉमफर्ड, त्यातला ब्रॉम्ली ॲथेनियन लीगचाच. ब्रॉम्लीने १-० असा सामना जिंकला आणि तो बघायला नव्वद हजारांहून जास्त लोक आले. दोन वर्षांनी पेगॅसस आणि बिशप ऑकलंड यांच्यातल्या अंतिम सामन्याला एक लाख. बिनपगारी खेळाडूंसाठी एक लाख माणसं तिकीट काढून येतात, त्याला कच्चं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

खेळाडूंचं म्हणाल, तर बार्नेटचा डाव्या बगलेचा लेस्टर फिंच १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनकडून खेळला होता.

सगळ्या लीगना ग्रीक नावं कशी काय?

ठरवून दिलेली. इस्थमियन (१९०५), स्पार्टन (१९०७), ॲथेनियन (१९१२), कोरिंथियन (१९४५), डेल्फियन (१९५१): एकीने पायंडा पाडला आणि बाकीच्यांनी गिरवला. बक्षिसासाठी नाही, मानासाठी खेळायचं ही त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजांची ग्रीकांबद्दलची समजूत होती. इस्थमियन लीगने ती इतकी मनावर घेतली की विजेत्याला चषक नाही की पदक नाही, मानातच भागवा असा खाक्या.

ब्राझीलच्या कोरिंथियन्सचा या कोरिंथियन लीगशी काही संबंध?

नाही. साओ पावलोच्या क्लबने १९१० मध्ये नाव घेतलं ते तिथे दौऱ्यावर आलेल्या कोरिंथियन एफसी या इंग्लिश हौशी क्लबावरून. कोरिंथियन लीग ही १९४५ ची, वेगळी संघटना. हा गोंधळ फार जणांचा होतो.

खरंच कुणी पैसे घेत नव्हतं?

कागदावर तरी नाही. प्रवासखर्च, जेवणखर्च देता यायचा. पण खर्च किती दाखवायचा, हे क्लबच्या चिटणीसाच्या हातात. सामना संपवून आंघोळ करून आलं की कपड्यांच्या खोलीत आपल्या बुटात दोन-चार नोटा दुमडून ठेवलेल्या सापडायच्या. कुणी दिल्या नाहीत, कुणी घेतल्या नाहीत. त्यामुळे या पैशाचं नावच 'बुटातले पैसे' पडलं.

यात एक व्यवहार होता, तो लक्षात घेतला नाही तर सगळा काळच चुकीचा समजतो. १९६१ पर्यंत व्यावसायिक खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. बरी नोकरी असलेला हौशी खेळाडू नोकरीचा पगार अधिक बुटातले पैसे असा हिशेब मांडायचा आणि व्यावसायिक व्हायचं कशाला, असं स्वतःलाच विचारायचा. म्हणजे हौशी क्लबांत इतके चांगले खेळाडू टिकले त्याचं श्रेय ग्रीक आदर्शांना जितकं, त्याहून जास्त या पगारमर्यादेला. मर्यादा उठली आणि गणित उलटलं.

या ढोंगाबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात खेळाडूंचा दोष दिसत नाही. शनिवारची जादा कामाची मजुरी बुडवून खेळायला येणाऱ्याला भरपाईही मिळू नये, असा नियम मुळात खिशात पैसे असलेल्यांनी केलेला होता.

या लीगचा एक सामना टीव्हीवर थेट दाखवला होता, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि या लीगच्या इतिहासातली ती माझी सर्वांत आवडती नोंद. युद्धात बंद पडलेली बीबीसीची टीव्ही सेवा १९४६ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. प्रक्षेपण व्हायचं उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून. बाहेरून थेट सामना दाखवायचा तर मैदान जवळचं हवं. बार्नेटचं अंडरहिल मैदान त्याच बाजूला. १९ ऑक्टोबर १९४६ रोजी तिथला बार्नेट विरुद्ध वील्डस्टोन हा ॲथेनियन लीगचा सामना थेट दाखवला गेला.

दाखवला म्हणजे पूर्ण नाही. पहिल्या डावातली वीस मिनिटं आणि दुसऱ्यातली पस्तीस. मग अंधारून आलं आणि कॅमेऱ्याला काही दिसेना, म्हणून प्रक्षेपण आवरावं लागलं. मैदानावर प्रकाशझोत नव्हते. अंडरहिलचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे उतार. एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे जमीन उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी कलंडलेली होती, त्यामुळे नाणेफेक जिंकून कोणती बाजू घ्यायची याला तिथे खरोखरच अर्थ होता.

आधी टीव्हीवर फुटबॉल आलंच नव्हतं असं मात्र नाही. १९३७ मध्ये आर्सेनलचा सरावासारखा एक सामना आणि १९३८ चा एफए कप अंतिम सामना दाखवून झाले होते. पण दोन वेगळ्या क्लबांमधला लीगचा साधा शनिवारचा सामना थेट दाखवायची वेळ आली, तेव्हा मान मिळाला तो या बिनपगारी मंडळींना.

लीगमधून वर चढणं, खाली घसरणं कसं व्हायचं?

लीगमधून लीगमध्ये आपोआप होतच नसे. आज आपण इंग्लिश फुटबॉलची जी एकाखाली एक अशी उतरंड बघतो, ती त्या काळी हौशी जगात नव्हती. प्रत्येक लीग म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होतं म्हणा ना. इस्थमियनमध्ये जागा रिकामी झाली की ते कुणाला तरी बोलावत, आणि बोलावणं बहुतेक वेळा ॲथेनियनमधल्या भक्कम क्लबाला जाई. नुसतं जिंकून भागत नसे. मैदान कसं आहे, प्रेक्षक किती, पदाधिकारी कसे, हेही बघितलं जाई. विंबल्डन १९१९ मध्ये ॲथेनियनमध्ये आला आणि १९२१ मध्ये इस्थमियनला गेला. वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूने तीसच्या दशकात ॲथेनियन गाजवली आणि १९४५ मध्ये तोही इस्थमियनला गेला. ब्रॉम्ली १९५२ मध्ये.

ही वाट कायम एकाच दिशेची होती. ॲथेनियनने क्लब घडवायचा आणि शेजारच्या थोरल्या लीगने तो उचलायचा. लीग बंद का पडली याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

१९६३ मध्ये काय घडलं?

बरंच काही, तेही एकदम.

आधी हवामान. १९६२ च्या नाताळानंतर जो बर्फ पडला तो मार्चपर्यंत हटला नाही. विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी तो एक. मैदानं दगडासारखी गोठली, आठवडेच्या आठवडे सामने रद्द होत राहिले. डेल्फियन लीगला तर अख्खा हंगाम सोडून द्यावा लागला आणि उरलेल्या दिवसांत दोन गट पाडून तात्पुरती स्पर्धा उरकावी लागली. तोच तिचा शेवटचा हंगाम ठरला.

त्याच वर्षी इस्थमियनने आपला विस्तार केला आणि ॲथेनियनमधून एनफील्ड, हेंडन, सटन युनायटेड आणि हिचिन टाऊन असे चार क्लब एका दमात नेले. एनफील्ड म्हणजे सलग दोन वर्षांचा विजेता, हेंडन म्हणजे १९६० चा अमॅच्युअर कप जिंकलेला संघ. वर्षभराने वील्डस्टोनही गेला. विंबल्डनने इस्थमियन सोडून व्यावसायिक सदर्न लीगची वाट धरली होती, त्यामुळे जागा होती.

ॲथेनियनने यावर हातपाय गाळले नाहीत. कोरिंथियन आणि डेल्फियन या दोन्ही लीग तिने पोटात घेतल्या आणि तीन विभाग उभे केले. मोटामोटी बघितलं तर कोरिंथियनचे क्लब मधल्या विभागात आणि डेल्फियनचे खालच्या. आता लीगच्या आतल्या आत तरी चढणं-घसरणं सुरू झालं. आकाराने ॲथेनियन कधी नव्हे इतकी मोठी झाली. जाणकार याला सुवर्णकाळ म्हणतात. मला तो सूज आल्यासारखा वाटतो. संख्या वाढली, पण वरची मलई गेलेलीच होती.

बार्नेट का सोडून गेला?

१९६३-६४ आणि १९६४-६५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतल्यावर जिंकायला उरलं काय होतं? १९६५ मध्ये क्लबने हौशी दर्जा सोडला आणि सदर्न लीगमध्ये गेला.

१९७४ चा नियम नेमका काय होता?

फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. १९७४ नंतर कागदावर फक्त 'खेळाडू' उरले. क्रिकेटमध्ये हेच आधी झालं होतं. तिथली जेंटलमेन (हौशी) विरुद्ध प्लेयर्स (व्यावसायिक) ही जुनी लढत १९६२ मध्ये शेवटची झाली.

भेद गेल्यावर अमॅच्युअर कपला अर्थ उरला नाही. १९७४ चा शेवटचा चषक बिशप्स स्टॉर्टफर्डने इलफर्डला ४-१ ने हरवून जिंकला. वेम्बलीवर प्रेक्षक होते तीस हजारांच्या आसपास. १९५१ च्या एक लाखाशेजारी हा आकडा ठेवला की नियम बदलण्याआधीच काय काय निसटलं होतं ते कळतं. बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' १९६४ पासून सुरू होता. शनिवारी रात्री घरबसल्या मोठे संघ दिसू लागल्यावर दुपारी थंडीत उभं राहायला कोण जाणार?

इंग्लंडचा वेगळा हौशी राष्ट्रीय संघ असायचा, तोही त्याच वर्षी संपला.

म्हणजे हौशीपणा संपला म्हणून लीग संपली?

अर्धंच खरं. इस्थमियनही हौशीच होती आणि ती आज धडधाकट आहे. फरक पडला तो १९७३ मध्ये. इस्थमियनने त्या वर्षी दोन गोष्टी केल्या. सिगारेटवाल्या रॉथमन्सचं प्रायोजकत्व घेतलं. मानातच भागवा म्हणणाऱ्या लीगने तंबाखूचा पैसा घ्यावा, ही गंमत तेव्हाही लोकांच्या नजरेतून सुटली नसणार. त्याबरोबर विजयाला तीन गुण सुरू केले. फुटबॉल लीगला, म्हणजे देशातल्या व्यावसायिक क्लबांच्या मुख्य लीगला, हे करायला १९८१ उजाडलं. दुसरी गोष्ट म्हणजे दुसरा विभाग उघडला, आणि तो भरला बहुतांशी ॲथेनियनच्या क्लबांनी. १९७१-७२ आणि १९७२-७३ चा विजेता स्लाऊ टाऊन गेला, डॅगनम गेला, बरेच गेले.

१९७७ मध्ये इस्थमियनने तिसरा विभाग काढला. पुन्हा तेच. १९८४ मध्ये तिने आपला दुसरा विभाग उत्तर आणि दक्षिण असा विभागला आणि ॲथेनियनमध्ये उरलेसुरले क्लब त्यात सामावून घेतले. खेळायला कुणी उरलं नाही, लीग संपली.

कुणी दिवाळखोरीचा अर्ज केला नाही, कुठला घोटाळा निघाला नाही. क्लबांना जिथे वरची वाट दिसली तिथे ते गेले, इतकं साधं. चालवणाऱ्यांना नाकर्तं म्हणण्याची पद्धत आहे. मला वाटतं, शेजारी थोरला भाऊ आपले विभाग वाढवत असताना त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. १९६३ मध्ये विलीनीकरण झालं तेव्हाच ॲथेनियन आणि इस्थमियन या दोन्ही लीगनी एकत्र बसून एक उतरंड बांधली असती, तर कदाचित दोन्ही नावं टिकली असती.

मग त्या क्लबांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तर सर्वांत सुखाचं आहे.

विंबल्डन १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये निवडून आला आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० ने हरवून एफए कप घेऊन गेला. पुढे क्लबचं मिल्टन कीन्सला स्थलांतर, समर्थकांनी २००२ मध्ये उभा केलेला एएफसी विंबल्डन, हे रामायण वेगळं.

बार्नेट १९९१ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. तेव्हापासून त्याचं वर-खाली चालूच आहे. २०२५ मध्ये तो पुन्हा वर आला.

सटन युनायटेडने जानेवारी १९८९ मध्ये एफए कपमध्ये कोव्हेंट्री सिटीला २-१ ने बाहेर काढलं. कोव्हेंट्री तेव्हा पहिल्या, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या विभागात होता आणि दोनच वर्षांपूर्वी हाच चषक जिंकला होता. सटनला फुटबॉल लीग बघायला मात्र २०२१ पर्यंत थांबावं लागलं. ब्रॉम्लीला २०२४ पर्यंत. वेम्बलीवर पेनल्टींवर सामना जिंकून तो गेला.

वॉल्टन अँड हर्शम १९७१ पर्यंत ॲथेनियनमध्ये होता. १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांनी एफए कपमध्ये ब्रायटनला ब्रायटनच्याच मैदानावर ४-० ने झोपवलं. ब्रायटनचे व्यवस्थापक होते इंग्लिश फुटबॉलमधले गाजलेले ब्रायन क्लफ. होय, तेच.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. एनफील्ड पैशाच्या आणि मैदानाच्या भानगडीत अडकला. २००१ मध्ये समर्थकांनी वेगळं होऊन एनफील्ड टाऊन काढला आणि २००७ मध्ये मूळ क्लब बंद झाला. वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू १९८८ मध्ये लेटनस्टोन-इलफर्डमध्ये विलीन झाला, त्यातून रेडब्रिज फॉरेस्ट, आणि १९९२ मध्ये डॅगनमशी जोडून डॅगनम अँड रेडब्रिज. लंडनच्या पूर्वेकडचे चार जुने हौशी क्लब एका नावात बसले आहेत.

जुनी मैदानं आहेत का?

बरीचशी गेली. लंडनमध्ये जमिनीचा भाव आणि हौशी क्लबाची गंगाजळी यांची गाठ पडली की काय होतं ते सांगायला नको. बार्नेटने अंडरहिल २०१३ मध्ये सोडलं. त्या जागी आता शाळा आहे.

भारताशी याचा काही धागा?

या लीगशी थेट नाही, पण याच जगाशी आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल सामना फ्रान्सशी झाला, तो इलफर्ड इथे. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २-१ ने हातचा गेला. आपला गोल सारंगपाणी रामन यांचा, कर्णधार डॉ. टी. आव. त्या ऑलिंपिकमध्ये वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूच्या ग्रीन पाँड रोडवरही सामने झाले. हौशी क्लबांची मैदानं ऑलिंपिकला चालतील इतकी मोठी होती, हे यातून कळतं.

या लीगमध्ये बायकांचे संघ होते का?

नाही. १९२१ मध्ये फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षं चालली. ॲथेनियनच्या आयुष्यातला बहुतांश काळ याच बंदीत गेला.

एखादा क्लब ॲथेनियनमध्ये होता का, हे कसं शोधायचं?

आधी त्या काळी क्लबचं नाव काय होतं ते शोधा, मग हंगाम. आजचं नाव घेऊन जुन्या तक्त्यात शोधाल तर फसाल. हेंडनचंच घ्या: आधी हॅम्पस्टेड, १९३३ पासून गोल्डर्स ग्रीन, १९४६ पासून हेंडन. तिन्ही एकच क्लब. दुसरं, १९६३ नंतरचं 'विजेतेपद' दिसलं तर ते तीनपैकी कोणत्या विभागाचं आहे ते बघा. क्लबांच्या सन्मानफलकांवर हा तपशील गाळलेला असतो. आणि १९६२-६३ च्या तक्त्यांवर पटकन विश्वास ठेवू नका. बर्फामुळे त्या वर्षी कुठे हंगाम सोडला गेला, कुठे पर्यायी स्पर्धा झाली, आणि दोन्हींचे निकाल एकमेकांत मिसळलेले सापडतात. खात्री करायची तर त्या गावच्या स्थानिक वर्तमानपत्राचा सोमवारचा किंवा त्या आठवड्याचा अंक आणि सामन्याची छापील पत्रिका, ही दोन साधनं सर्वांत भरवशाची.